शाब्ली आणि कालवं : जोडी जिभेची, औषधाची नव्हे

फ्रान्समध्ये नाताळ जवळ आला की कालवांची मागणी शिगेला पोहोचते. बर्फाच्या चुऱ्यावर मांडलेली कच्ची कालवं, लिंबाच्या फोडी, पाव-लोणी आणि शेजारी गार केलेली कोरडी पांढरी वाइन, हा बेत तिथल्या असंख्य घरांत वर्षानुवर्षे ठरलेला असतो. २०२३च्या डिसेंबरात मात्र या बेताला गालबोट लागले. नैऋत्य किनाऱ्यावरील आर्काशों उपसागरातली कालवं खाऊन अनेकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. तपासणीत नोरोव्हायरस आढळला आणि ऐन सणाच्या दिवसांत तिथल्या कालवांच्या विक्रीवर प्रशासनाला बंदी घालावी लागली.

कालवांबरोबर पांढरी वाइन घेतली की पोट बिघडत नाही, अशी एक जुनी समजूत युरोप-अमेरिकेत आहे. वाइन हृदयाला चांगली असते, ही दुसरी समजूत तर जगभर पोहोचली आहे. खाण्याच्या आणि पिण्याच्या एखाद्या जोडीला दीर्घ परंपरा असली की तिला आपोआप औषधी गुणही चिकटवले जातात. शाब्ली नावाची फ्रेंच वाइन आणि तिच्याबरोबर खाल्ले जाणारे पदार्थ यांचा जरा बारकाईने विचार केला, तर यात विज्ञानाने खरे ठरवलेले काय आणि केवळ ऐकीव काय, हे वेगळे करता येते.

‘कोरडी’ म्हणजे काय?

शाब्ली हे पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटरवर वसलेले छोटेसे गाव. बर्गंडी या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांताच्या अगदी उत्तरेकडच्या टोकाला ते येते. गावाच्याच नावाने ओळखली जाणारी तिथली वाइन शार्दोने या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षांपासून बनते. कोकणच्या हापूसला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसेच कायदेशीर संरक्षण शाब्लीच्या नावाला फ्रान्समध्ये १९३८ पासून आहे.

पातळ पदार्थाला ‘कोरडे’ म्हणणे विचित्र वाटते, पण त्याचा अर्थ सोपा आहे. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल बनवते. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवली, की मागे गोडवा उरत नाही. अशी वाइन म्हणजे कोरडी वाइन. युरोपीय नियमांनुसार कोरड्या वाइनमध्ये उरलेली साखर साधारणपणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत चालते. आम्लता पुरेशी असेल तर ही मर्यादा थोडी सैल होते. बाटलीबंद शीतपेयांत हेच प्रमाण लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास असते, यावरून फरक लक्षात यावा.

शाब्लीची खरी ओळख आहे तिचा आंबटपणा. हा भाग थंड. एप्रिलमध्येही रात्री पारा शून्याखाली जातो आणि कोवळे कोंब जळतात. म्हणून शेतकरी मळ्यात मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवतात किंवा वेलींवर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या पातळ कवचाआड कोंब वाचतो. थंडीत हळूहळू पिकलेल्या द्राक्षात आम्ल टिकून राहते. त्यामुळे शाब्लीचा सामू म्हणजे पीएच साधारण ३.१ ते ३.३ असतो. दह्याचा ४.५च्या आसपास असतो, तर लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच. म्हणजे ही वाइन दह्यापेक्षा बरीच आंबट आणि लिंबापेक्षा सौम्य.

या आंबटपणाचा दह्याशी आणखी एक संबंध आहे. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात : टार्टारिक, जे चिंचेतही असते, आणि मॅलिक, जे हिरव्या सफरचंदाला त्याचा करकरीत आंबटपणा देते. पहिले किण्वन झाल्यावर काही जीवाणू यातल्या मॅलिक आम्लाचे रूपांतर लॅक्टिक आम्लात करतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातले आम्ल. बहुतेक शाब्ली या टप्प्यातून जाते. त्यामुळे तिचा आंबटपणा जिभेला बोचत नाही, पण जागा मात्र ठेवतो.

शिंपल्यांची जमीन आणि चवीची दंतकथा

शाब्ली आणि कालवं यांच्या जोडीची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. शाब्लीचे नावाजलेले मळे ज्या चुनखडीयुक्त मातीवर आहेत, ती सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किमरिज गावावरून तिला किमरिजियन म्हणतात. या मातीत स्वल्पविरामाच्या आकाराची इवलीशी कालवं दगड होऊन पडलेली सापडतात. ढेकूळ उचलावे आणि त्यात शिंपले दिसावेत, अशी ही जमीन. मग सांगितले जाते, की त्या प्राचीन समुद्राचे क्षार वेलीच्या मुळांतून द्राक्षात आणि द्राक्षातून पेल्यात उतरतात. म्हणूनच ही वाइन ओल्या दगडासारखी, समुद्रासारखी लागते आणि कालवांशी तिचे जमते.

यातला भूगर्भशास्त्राचा भाग अगदी खरा आहे. पेल्यात उतरण्याचा भाग मात्र टिकत नाही. वेलीची मुळे दगड शोषून घेत नाहीत. ती पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे मोजके अणू घेतात, आणि हे अणू जगातल्या कुठल्याही मातीत तेच असतात. वाइनमध्ये त्यांचे प्रमाण इतके कमी असते, की जिभेला त्यांची वेगळी चव कळणे जवळपास अशक्य. वेल्समधील भूवैज्ञानिक अॅलेक्स माल्टमन यांनी हा मुद्दा गेली अनेक वर्षे सातत्याने मांडला आहे. जमिनीचा परिणाम होतो, पण तो वेगळ्या वाटेने. पाणी किती धरून ठेवते, निचरा कसा होतो, उतार कोणत्या दिशेला आहे, माती किती तापते, यांवर द्राक्ष कसे पिकते हे ठरते.

मग ‘ओल्या दगडाचा’ वास येतो कुठून? मुळात दगडाला वास नसतोच. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मृद्गंधाचा उलगडा इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात १९६४ मध्ये केला. वनस्पतींतून बाहेर पडलेली तेलकट सेंद्रिय द्रव्ये कोरड्या दिवसांत माती-दगडावर साचतात आणि ओलावा मिळताच हवेत उडतात. त्यात मातीतल्या जीवाणूंनी तयार केलेली द्रव्येही मिसळतात. म्हणजे दगडाचा म्हणून ओळखला जाणारा वास हा खरे तर सजीवांचा वास आहे. शाब्लीतही आम्लता, फळांच्या वासाचा संयम आणि किण्वनात तयार होणारी सूक्ष्म प्रमाणातली द्रव्ये मिळून तो भास निर्माण करतात, असे मानले जाते.

कालवं आणि शाब्ली यांची गाठ पडण्यामागे इतिहासाचे कारण अधिक साधे आहे. शाब्ली समुद्रापासून खूप आत आहे. तिथली वाइन योन नदीतून बोटींनी पॅरिसला जाई. कालवं नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून पॅरिसला येत. दोघांची भेट राजधानीच्या बाजारात झाली. ती टिकली ती मात्र रसायनामुळे.

मासा, लोह आणि लाल वाइन

माशाबरोबर पांढरी वाइन घ्यावी, लाल नको, हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. लाल वाइनबरोबर मासा खाल्ला की तोंडात कधी कधी धातूसारखी, हिवस चव राहते. याचे कारण लाल वाइनमधले टॅनिन असावे, असा बराच काळ समज होता. २००९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी याचा नेटका छडा लावला. त्यांनी ३८ लाल आणि २६ पांढऱ्या वाइन सुकवलेल्या स्कॅलप या शिंपल्याबरोबर चाखायला दिल्या आणि हिवसपणा किती जाणवतो याची नोंद केली. टॅनिनपेक्षा लोहाशी त्याचा संबंध स्पष्ट दिसला. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्याबरोबर हिवसपणाही जास्त. लोहाला बांधून ठेवणारे द्रव्य घातल्यावर तो कमी झाला.

याचे स्पष्टीकरण असे. माशांच्या आणि शिंपल्यांच्या मेदात असंतृप्त स्निग्धाम्ले भरपूर असतात. आरोग्यासाठी नावाजलेली ओमेगा-३ त्यातलीच. ही आम्ले नाजूक असतात. वाइनमधल्या लोहाशी गाठ पडताच त्यांचे क्षणार्धात विघटन होते आणि उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. मासा ताजा असला तरी हे घडते, कारण ही क्रिया तोंडात घास असतानाच सुरू होते. वाइनमधले लोह मातीच्या धुळीतून आणि यंत्रसामग्रीतून येऊ शकते. लाल वाइनमध्ये ते बहुधा जास्त असते, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणूनच एखादी लाल वाइन माशाबरोबर छान लागते आणि एखादी पांढरी बिघडवते. नियम रंगाचा नसून लोहाचा आहे.

दुसरे काम आम्ल करते. समुद्री मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमिथिलअमाइन हे अल्कधर्मी द्रव्य तयार होते. त्याचाच तो ओळखीचा वास. आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही. वास दबतो. तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळणे, बांगड्याच्या तिखल्यात कोकम किंवा चिंच घालणे, कोळंबीला आधी लिंबू लावून ठेवणे, या सगळ्यांमागे हेच आहे. कोकणातल्या स्वयंपाकघराने कोकमाकडून जे काम करून घेतले, ते फ्रेंचांनी शाब्लीकडून करून घेतले.

आम्लामुळे लाळही सुटते. लाळ तोंडातला मेदाचा थर धुऊन काढते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. कालवांचा खारटपणा उलट दिशेने काम करतो. मिठामुळे कडवटपणा दबतो आणि आंबट वाइन जिभेला गोलसर वाटू लागते. वाइनमुळे कालवं सुसह्य होतात आणि कालवांमुळे वाइन.

यात उमामीचाही वाटा असू शकतो. उमामी म्हणजे मांस, मशरूम, पिकलेला टोमॅटो यांतली भरीव चव. ग्लुटामेट आणि न्यूक्लिओटाइड ही दोन प्रकारची द्रव्ये एकत्र आली, की ती दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये शॅम्पेन आणि कालवांबाबत हे मांडले : शॅम्पेनमधल्या मृत यीस्टमधून ग्लुटामेट येते, कालवांतून न्यूक्लिओटाइड. शाब्लीही काही काळ यीस्टच्या गाळावर ठेवली जाते. शॅम्पेनइतका दीर्घ काळ मात्र बहुधा नाही, म्हणून तिच्या बाबतीत हा परिणाम सौम्यच धरावा.

कशाबरोबर जमते, कशाबरोबर नाही

शाब्लीच्या परिसरातले पदार्थ पाहिले तर ही तत्त्वे पुन्हा पुन्हा दिसतात. लसूण आणि पार्स्लीच्या लोण्यात भाजलेल्या गोगलगायी, चीज घालून फुगवलेले गूजेर नावाचे गोळे, पार्स्लीच्या जेलीत बसवलेले थंड हॅम, वाफवलेला किंवा लोण्यात परतलेला मासा, शेळीच्या दुधाचे ताजे चीज. सगळ्यांत एक समान धागा आहे : मेद आणि मीठ आहे, पण उग्र मसाला नाही. आंबट, हलकी वाइन मेदाला छेद देते आणि पदार्थाच्या चवीवर कुरघोडी करत नाही.

चीजबद्दल एक अभ्यास लक्षवेधक आहे. बर्गंडीची राजधानी डिजोन इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३१ जणांना चार प्रकारच्या वाइन आणि चार प्रकारची चीज देऊन पाहिली. घोटाघोटाला चव कशी बदलते, याची नोंद घेतली. कुठल्याही चीजमुळे कुठलीही वाइन कमी आवडली असे झाले नाही. अमुक चीज अमुक वाइनबरोबरच, असे कडक नियम सांगणाऱ्यांना हा निष्कर्ष थोडा अडचणीचा आहे. काही जोड्या इतरांपेक्षा सरस असतात, पण चुकीची जोडी म्हणजे अनर्थ नव्हे.

खरी अडचण येते ती तिखट आणि गोड पदार्थांबरोबर. मिरचीतले कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चेतवते, तोच संवेदक एरवी भाजल्याची जाणीव करून देतो. साधारण ४२ अंश सेल्सिअसला तो जागा होतो. अल्कोहोलच्या सान्निध्यात तो सुमारे ३४ अंशांनाच जागा होतो, असे २००२ मध्ये दाखवून देण्यात आले. शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणजे मिरचीने पेटलेल्या तोंडात वाइनने भरच पडते. मालवणी तिखट कालवणाबरोबर शाब्ली फसते, ती यामुळे. तिथे नारळाच्या दुधाची सोलकढीच योग्य, कारण कॅप्सायसिन मेदात विरघळते आणि कोकमाचा आंबटपणा माशाला हवा तो उठाव देतो.

गोडाबरोबर उलट होते. जिभेला गोडाची सवय झाली की कोरडी वाइन कडक आंबट लागते. आर्टिचोक या भाजीची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्यातल्या द्रव्यांमुळे नंतर प्यायलेले साधे पाणीही गोड लागते. लिंडा बार्टोशुक आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. साहजिकच वाइनची चवही ती पार बदलून टाकते.

‘पांढरी वाइन’ या एकाच नावाखाली सगळे खपत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. नाशिक परिसरात प्रामुख्याने शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां या जातींची पांढरी वाइन होते. तिथे द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढली जातात आणि पिकण्याच्या काळात दिवस उबदार असतात. उबेत वेल मॅलिक आम्ल वापरून टाकते. शिवाय तिथल्या काही वाइनमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते. तो किंचित गोडवा मसाल्याच्या जेवणाला सोयीचा पडतो. कच्च्या कालवांबरोबर मात्र तिची चव शाब्लीसारखी लागणार नाही.

वाइन जंतू मारते का?

आता त्या समजुतीकडे वळू. तिला थोडाफार आधार होता. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका प्रयोगात वाइनने परीक्षानळीतल्या साल्मोनेला, शिगेला आणि ई. कोलाय या जीवाणूंची संख्या बरीच घटवली. त्याआधी, अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये १९८८ साली कच्च्या कालवांतून हिपॅटायटिस-एची साथ आली होती. तिचे विश्लेषण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी कालवांबरोबर दहा टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेले पेय घेतले होते, त्यांच्यात आजार कमी आढळला.

पण परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे. पोटात वाइन अन्नात आणि लाळेत मिसळून पातळ होते. साथीचा अभ्यासही एकाच घटनेचा, मोजक्या लोकांचा आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आणि कालवांतून सर्वाधिक त्रास देणारा नोरोव्हायरस तर या दोन्ही शस्त्रांना दाद देत नाही. त्याला मेदाचे बाह्य आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोल त्याला सहज फोडू शकत नाही. साठ-सत्तर टक्के अल्कोहोलचे सॅनिटायझरही त्याच्यावर फारसे चालत नाही. तिथे साडेबारा टक्क्यांची शाब्ली काय करणार? जठरातल्या तीव्र आम्लातूनही तो तगून जातो. मग वाइनच्या किंवा लिंबाच्या आंबटपणाने तो मरेल अशी आशा व्यर्थ आहे.

कालव हा प्राणी जगतोच मुळी पाणी गाळून. दिवसभरात कित्येक लिटर पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाते आणि पाण्यात सांडपाणी मिसळले असेल तर त्यातले विषाणू त्याच्या शरीरात साचतात. असे कालव दिसायला, वासाला, चवीला उत्तम असते. उबदार खाऱ्या पाण्यात आढळणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जीवाणू याहून घातक. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना त्याचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. यातला उपरोध असा, की दीर्घकाळ मद्यपानाने यकृत खराब झालेल्या माणसालाच कच्च्या कालवांचा धोका सर्वांत जास्त असतो.

आपल्या किनाऱ्यावर खडकांवरून फोडून काढलेली कालवं कच्ची खाण्याची रीत नाही. त्यांचे सुके होते, आमटी होते. ती रीतच सुरक्षित आहे. मात्र शिंपले उघडले म्हणजे आतले मांस शिजले, असे समजू नये. थोडक्या वाफेत नोरोव्हायरस तग धरू शकतो. नीट रटरटून शिजवणे हाच उपाय.

हृदयाची गोष्ट

१९९१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात ‘फ्रेंच विरोधाभास’ ही कल्पना गाजली. फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, आणि त्याचे श्रेय लाल वाइनला असावे, असा तो दावा होता. मुळात तो लाल वाइनबद्दल होता. द्राक्षाच्या सालीतली ज्या द्रव्यांची तेव्हा चर्चा झाली, ती पांढऱ्या वाइनमध्ये फारच कमी असतात, कारण तिच्यासाठी साली आधीच वेगळ्या करून फक्त रस आंबवला जातो. तरीही पुण्य सगळ्याच वाइनना मिळाले.

पुढे या अभ्यासांतली मेख लक्षात आली. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. साहजिकच तो गट अधिक आजारी दिसला. थोडी वाइन पिणाऱ्यांची आर्थिक स्थिती, आहार आणि वैद्यकीय सोयीही बहुधा चांगल्या होत्या. हे फरक लक्षात घेऊन पाहिले, तर थोड्या मद्याचा म्हणून सांगितला गेलेला फायदा बराचसा विरून जातो.

कर्करोगाबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. शरीरात अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. हे अल्कोहोल वाइनमधून आले की देशीतून, याने शरीराला फरक पडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कुठलेच प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले.

वाइनचा अभिमान बाळगणाऱ्या फ्रान्सनेही आपला सल्ला बदलला. तिथली सार्वजनिक आरोग्य यंत्रणा आता सांगते : दिवसाला जास्तीत जास्त दोन पेये, आठवड्याला जास्तीत जास्त दहा, आणि रोज तर नाहीच. तिथे एक पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साडेबारा टक्क्यांच्या शाब्लीच्या १०० मिलिलिटरमध्ये जवळपास तेवढेच असते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सात पेयांहून अधिक. दोघांनी जेवताना बाटली संपवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीनहून जास्त पेये येतात. फ्रेंच मर्यादेच्या पावणेदोन पटींहून अधिक, तेही एका जेवणात.

उष्मांकांचा हिशोबही असाच. साखर नाही म्हणून कोरडी वाइन हलकी, हा गैरसमज आहे. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात उष्मांक असतात, साखरेत चार. शाब्लीच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ७५ ते ८० उष्मांक येतात, आणि त्यांनी पोट भरत नाही.

दमा असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. वाइन टिकण्यासाठी सल्फाइट वापरतात आणि कोरड्या पांढऱ्या वाइनसाठी युरोपात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. लाल वाइनसाठी ती १५० आहे. काही दमेकऱ्यांना त्याने त्रास होतो. दातांनाही आम्ल मानवत नाही. साधारण ५.५ पेक्षा कमी सामूला दातांचे कवच विरघळू लागते. आंबट पेयानंतर लगेच ब्रश केला तर मऊ झालेले कवच अधिक झिजते. आधी पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या-एक तासाने करावा.

लक्षात ठेवण्यासारखे

- जे मद्य घेत नाहीत, त्यांनी आरोग्यासाठी म्हणून ते सुरू करण्याचे काहीही कारण नाही. माशाबरोबर आंबट हवे असेल तर लिंबू, कोकम आणि सोलकढी ते काम चोख करतात.
- जे घेतात, त्यांनी पेला मोजून भरावा आणि जेवणाबरोबर, सावकाश घ्यावा. १० ते १२ अंशांना शाब्लीची चव नीट कळते. त्याहून गार केली तर वास दबतो.
- गरोदरपणात, यकृताच्या आजारात आणि झोपेची औषधे घेत असताना मद्य पूर्णपणे टाळावे. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर रक्तातली साखर अचानक घसरू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.
- कच्ची कालवं गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि यकृताचे किंवा प्रतिकारशक्तीचे आजार असलेल्यांनी खाऊ नयेत, मग सोबत काहीही असो.
- वाइन घेऊन गाडी चालवू नये. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पण प्रतिक्रिया मंदावण्यासाठी तेवढेही लागत नाही.

शाब्ली आणि कालवांची जोडी खोटी नाही. आम्ल, मीठ, मेद आणि लोह यांच्या हिशोबात ती पक्की बसते आणि त्या हिशोबातले बरेचसे आपल्या ताटातही लागू पडते. चवीचे हे ज्ञान निःसंकोच घ्यावे. त्यामागे आरोग्याचे जे दावे चिकटून आले आहेत, ते मात्र बाजूलाच ठेवलेले बरे.